जीपवाल्याकडे आलेली तारीख

आमच्या धारणीचा जीपवाला मोठा परोपकारी माणूस बरं का. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांनी दवाखान्यात त्याचाच नंबर दिलेला. अमरावतीहून तारखेचा मेसेज आला की हा कानात काडी फिरवत वाचतो अन् फोन खिशात घालतो. गाडी भरेल इतके पेशंट जमले की मग सगळ्यांना सांगतो.

परवा अमरावतीला जाताना मीही त्या जीपमध्ये होते. शेजारच्या बाबांचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याच्या ऑपरेशनची तारीख अशीच उलटून गेली. दवाखान्यानं दारातूनच परत पाठवलं.

मी म्हटलं, "वेळेवर काहून नाही सांगतलं रे?"

"एका सवारीसाठी गाडी काढू का, मावशी?"

बाबांनी मात्र त्यालाच हात जोडले. "तू होता म्हणून इथवर तरी आलो."

"असू द्या बाबा," तो म्हणाला, "पुढची तारीखही मीच सांगीन."