जन्माआधी वारलेले सिद्धलिंग

जुळे सोलापुरातल्या प्रियदर्शनी हत्तुरे एका शाळेत क्लार्क होत्या. निवृत्तीनंतर नऊ वर्षं त्यांनी सासरची वंशावळ कॉम्प्युटरवरच्या एका प्रोग्रॅममध्ये भरली. नावं एक हजार तीनशे बारा. तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी बंद झाली आणि तो चालवणारा जुना कॉम्प्युटर आठवड्यातून दोनदा मान टाकू लागला. तो कायमचा बसायच्या आत सगळी माणसं नव्या प्रोग्रॅममध्ये न्यायची होती.

मंगळवारी सकाळी त्यांनी जुन्यातून फाइल काढली, नव्यात चढवली. नव्याने विचारलं, ‘सारख्या व्यक्ती एकत्र करायच्या का?’ उत्साहाच्या भरात बाईंनी ‘सर्व’ दाबलं. आकडा आला १,२७१.

“अहो, एक्केचाळीस माणसं गेली!”

पती सिद्धलिंग यांनी चष्मा लावून आधी स्वतःला शोधलं. जन्म १९५८, मृत्यू १९५६.

“मी जन्मायच्या आधीच वारलो की! मग सकाळी चहा कुणाला दिलास?”

“थट्टा पुरे. तुमच्यात तुमचे आजोबा मिसळलेत.”

हत्तुऱ्यांकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव देतात. सिद्धलिंगचा गुरुबसप्पा, गुरुबसप्पाचा सिद्धलिंग, अशी साखळी वर जाते. आजोबा-नातवांचं नाव एक, वडिलांचंही एकच. जुन्यांची जन्मसालं कोरी. प्रोग्रॅमने दोघांचा एक केला.

मूळ फाइल शाबूत होती. आता अंदाजे सालं भरायची. बाईंनी अक्कलकोटला फोन लावला. सिद्धलिंगांच्या आत्या निंगव्वा, वय शहाऐंशी. त्यांना सालं येत नाहीत. पण कोण प्लेगच्या आधीचा, कोण नंतरचा, हे पाठ आहे. बाई भराभर लिहीत गेल्या. सर्वांत वरचं नाव उरलं.

“आत्या, विहीर खणणारे गुरुबसप्पा? तुमचे आजोबा?”

“न्हाय गं! माझे आजोबा विहिरीत वाकून बघायलाबी भ्यायचे. विहीर त्यांच्या आजोबांनी खणली. ते बी गुरुबसप्पाच.”

बाईंचं पेन थांबलं. प्रोग्रॅमने केलेली चूक त्यांनी स्वतः नऊ वर्षांपूर्वी केली होती. दोन गुरुबसप्पांचा एक केला होता आणि मधला सिद्धलिंग गाळला होता.

शुक्रवारी दुपारी फाइल पुन्हा चढली. प्रश्न तोच आला. या वेळी बाईंनी ‘नाही’ दाबलं. आकडा १,३१४. खुर्ची मागे ढकलून त्यांनी उभ्यानेच फोन लावला.

“आत्या, दोन माणसं वाढली!”

“वाढली कुटं गं? हुतीच की.”