प्रभुभोजनाचे पेले

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीला द्राक्षरस देतात ते पेले बोटभर उंचीचे असतात. एकीनं धुवायचे आणि दुसरीनं फडक्याचं टोक आत फिरवून पुसायचे. लग्न होऊन या मंडळीत आल्यापासून मी धुते, सुशीला पुसते.

यंदा कापणीच्या सणाला चर्चनं सेवेबद्दल सत्कार केले. पेल्यांच्या सेवेसाठी सुशीलाचं नाव पुकारलं. कमिटीला पुढं बसणारी माणसंच दिसतात, त्याचं मला काही वाटलं नाही. पाळकसाहेबांनी शाल घातली, माईक दिला. सुशीला म्हणाली, "प्रभूनं बळ दिलं, म्हणून इतकी वर्षं एकटीनं केलं."

मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. डाव्याला काय वाटतं ते कोणी विचारत नाही. शाल मला नकोच होती, कपाटात जागा नाही. पण माझं काम ज्या एकीला ठाऊक होतं, तिनंच ते नाकारलं.

उपासनेनंतर मी मागच्या मोरीवर पेले धूत होते. सुशीला शाल सावरत आली.

"अगं, माईक बघून घाबरले. तुझं नाव राहूनच गेलं."

"नाव राहू दे गं. 'एकटीनं' कसं आलं तोंडात?"

शाल खुर्चीवर टाकून तिनं फडकं उचललं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू जा, जेवणं वाढतायत. एकटीनं होतं का, मलाही बघू दे."