मानेतली नळी आणि आमचं शून्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही त्या वॉर्डात नव्हता.

माझं काम मोजण्याचं. संभाजीनगरच्या एका रुग्णालयात, आयसीयूतल्या पेशंटच्या मानेतल्या शिरेत औषधांसाठी घातलेल्या नळीमुळे किती जणांच्या रक्तात जंतू शिरले, हे मी ठरवते. त्या काळात आमचा आकडा कित्येक महिने शून्य होता. वॉर्डातल्या सिस्टर पोरी चिडवायच्या – "शून्य मॅडम आल्या गं, ताप लपवा!" मला ते आवडायचं. का आवडायचं?

मग आयसीयूत मानेत नळी घातलेल्या, वाळूजच्या कारखान्यातल्या एका फिटरला थंडी वाजून ताप भरला. रक्तात जंतू निघाला. मोजण्याचा नियम असा, की त्या जंतूचं मूळ शरीरात दुसरीकडे सापडलं तर तो नळीच्या खात्यात धरत नाहीत. मला कुतूहल वाटलं – खरंच वाटलं – हा आला कुठून? म्हणून लघवी तपासायला पाठवली. पण कुठली? ताजी, लघवीच्या नळीतून सुईनं काढलेली घ्यायची असते. मी पिशवीत साठलेली घ्यायला लावली. त्यात काहीही उगवतं – हे मीच सगळ्यांना शिकवते.

त्याच नावाचा जंतू उगवला. दोन्ही जंतू एकच होते का? कुठल्या जंतूवर कुठलं औषध लागू पडतं, ते दोन्ही रिपोर्टांत खाली होतं, आणि ते जुळत नव्हतं – म्हणजे जंतू वेगळे. मी वाचलं. डॉक्टर राउंडच्या घाईत होते, त्यांना फक्त नाव सांगितलं. उत्तर सोयीचं मिळालं आणि माझं कुतूहल तिथंच थांबलं.

दोष लघवीचा ठरला, म्हणून मानेतली नळी तशीच राहिली. काढली तेव्हा उशीर झाला होता. तो गेला.

त्याची बायको बजाजनगरहून रोज यायची. लघवीतून जंतू पसरला, असं तिला सांगितलेलं. माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, त्यायची कूस बदलताना ती पिशवी मीच खाली फरशीवर ठेवली व्हती. त्यानंच झालं, व्हय?"

नाही – एवढा एकच शब्द होता. मी म्हणाले, "होतं असं कधीकधी, ताई."

त्या महिन्यातही शून्यच लागलं. नव्या सिस्टर आल्या की लघवीची पिशवी जमिनीला का टेकू द्यायची नाही, हे मी समजावते. उदाहरण म्हणून त्या बाईची गोष्ट सांगते – नाव न घेता. परवाही सांगितली. पोरींनी लिहून घेतली.