बोगद्यात लागलेलं लग्न

कापूरहोळच्या अलीकडे हायवेनं आमचं गाव मधोमध चिरलं आहे. एका अंगाला वस्ती आणि शाळा, दुसऱ्या अंगाला मारुती. येण्याजाण्यासाठी हायवेच्या पोटातून एक रस्ता काढून दिलाय, त्याला सगळे बोगदाच म्हणतात. त्यात कडब्याचा टेम्पो अडकतो, पावसाळ्यात म्हशी डुंबतात. आवाज मात्र असा घुमतो की नुसतं खोकलं तरी दचकायला होतं.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. दुसऱ्याच्या लग्नात ते पहिल्या रांगेत घड्याळ बघत बसायचे आणि मुहूर्त टळला की सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. "माज्या पोरीचं लगीन टायमात लागंल. एक मिनिट हिकडं न्हाई की तिकडं न्हाई!" हे त्यांनी इतक्या मांडवांत सांगितलं होतं, की माझ्या लग्नाला अर्धं गाव फक्त घड्याळ बघायला आलं. उशीर झाला असता तर अण्णांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

लग्न शाळेच्या पटांगणात होतं. रिवाजाप्रमाणे नवरदेव आधी वाजतगाजत मारुतीच्या पाया पडून आला. येताना बँड बोगद्यात शिरला आणि तिथंच थांबला. त्या घुमणाऱ्या आवाजात नाचायची जी चटक पोरांना लागली, ती सुटेना. बोलवायला माझा भाऊ गेला, तो परत आला नाही. मग चुलते गेले, तेही नाहीत.

अण्णा उठले. "थांब, एकेकाला कानाला धरून आणतो," म्हणाले आणि तरातरा गेले. बँड आणखीच जोरात वाजायला लागला.

मी गौरीहरापुढे बसले होते. माझं डोकं फिरलं. उठलेच.

"अगं, नवरीनं उठू न्हाई!" मामा ओरडला.

"मग तू जातोस?"

"म्या एकटा गेलो तर म्याबी परत यायचा न्हाई," मामा म्हणाला. माणूस प्रामाणिक. शेवटी हार घेऊन तो माझ्याबरोबर निघाला आणि मागून अंतरपाट घेऊन भटजी धावले, कारण त्यांना पुढचं लग्न नसरापूरला होतं.

बोगद्यात नवरदेव मित्राच्या खांद्यावर होता. मधोमध अण्णा नाचत होते. फेटा सुटलेला, दोन्ही हात वर, डोळे मिटलेले. मी त्यांना आयुष्यात कधी नाचताना पाहिलं नव्हतं. रागानं आले होते, पण राग कुठल्या कुठं गेला.

"अण्णा!" मी हाक मारली. ती हाक बोगद्यानं दोनदा परत मारली. बँड थांबला. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. "पोरी, मांडवापत्तूर काय आता पोचत न्हाई."

"मग हितंच धरा," मी म्हटलं आणि भटजींच्या हातातला अंतरपाट उलगडला.

भटजींनी एकच मंगलाष्टक म्हटलं. 'सावधान' इतक्या वेळा घुमलं, की लोक प्रत्येक वेळी अक्षता टाकत राहिले. अक्षता संपल्यावर बँडवाल्यांनी खिशातले फुटाणे टाकले. "टायमात!" अण्णा ओरडले आणि बोगदाही ओरडला.

हार घालून मांडवात आलो, तर सगळ्या म्हाताऱ्या मुठीत अक्षता धरून बसलेल्या. "आमी हितं बसलोय आन लगीन लागलं कुठं?" कुणी ऐकेना. भटजींना अण्णांनी हात जोडले आणि माझं लग्न परत लागलं, चांगलं तासभर उशिरा.

अण्णा आजही पहिलीच वेळ सांगतात, गाव दुसरी. पण तेव्हापासून त्यांनी कुणाच्या लग्नात मुहूर्ताबद्दल चकार शब्द काढलेला नाही. गावात लग्न असलं की ते घड्याळ घरी काढून ठेवतात आणि मांडवात न जाता आधीच बोगद्यात जाऊन उभे राहतात.