बंदूक पुरी होईपर्यंत

माझे तीन थोरले भाऊ मुंबईला गेले आणि मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, मोजक्या घरांच्या वाडीत, गंजकी बंदूक घासत बसलो. लोक विचारतात, तू का गेला नाहीस? मी म्हणतो, शेती होती. हे खोटं आहे. खरं सांगायला गेलं की अजून तोंड कडू होतं.

थोरल्या भावानं मला रेल्वेच्या कारखान्यात चिकटवायचं ठरवलं, त्याच पावसाळ्यात बाबांनी माळ्यावरून ती बंदूक खाली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. ठासणीची, पलटणीतली, गेल्या शतकातली. घोडा गायब, दारू ठासायचा गज गायब, दस्ता वाळवीनं अर्धा खाल्लेला.

"तुज्या आज्याची हाय," बाबा म्हणाले. "पलटनीत व्हता तवाची. तुजा हात चांगला हाय. बग जमतंय का."

बाबांनी मला आयुष्यात कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मी विरघळलो. दिवाळीनंतर येतो, असा भावाला निरोप धाडला.

आमच्या पावसात विळासुद्धा चुलीवर टांगला नाही तर लाल होतो. तिथं ही नळी कित्येक पावसाळे पडलेली. मी ती घासलेटात भिजवली, राखेनं घासली, खोबरेल चोळलं. वाळू लावली नाही, कारण घोडा बसतो त्या लोखंडी पट्टीवरचा राजमुकुटाचा छाप उडाला असता. कळकाच्या काठीला चिंधी बांधून आतून साफ केली, आणि उजेडाकडं धरून पाहिलं तर नळीभर पीळ घेत गेलेल्या खाचा लखलखत होत्या. लग्नात अंतरपाट सरला तेव्हाही मी एवढा खूश झालो नव्हतो. हे बायकोला ठाऊक आहे आणि ती ते बोलून दाखवते.

वाळवी लागलेला दस्ता कापून जुन्या सागाचा तुकडा बसवला. घोडा महाडच्या बाजारात मोडीच्या ढिगात सापडला. बार निघू नये म्हणून ठिणगीची वाट मी शिशानं बुजवली, म्हणून आमच्या पोलीस पाटलानं डोळेझाक केली. वाडीत मला फौजदार म्हणू लागले.

आता निघतो, असं मी म्हणालो. बाबा तंबाखू मळता मळता थांबले. "आज्याच्या बंदुकीला संगीन व्हती रं. दासगावकडं कुनाला तरी दिली वाटतं."

झालं. बंदूक खांद्यावर टाकून गावोगाव फिरायची सोय नव्हती, म्हणून नळीच्या तोंडाएवढी जाड कळकाची कांडी तासून घेतली आणि ती खिशात घालून हिंडलो. जिच्या कड्यात कांडी नीट बसेल ती संगीन आपली. दासगावात मिळाली नाही. सव गावी गरम पाण्याच्या कुंडाजवळ एका घरात एक बाई संगिनीनं सुरणं खणत होती. तिला नवी पहार करून दिली तेव्हा कुठं संगीन हातात आली.

पुढच्या वेळी निघालो तेव्हा बाबांना गज आठवला. मग काडतुसं ठेवायचं चामड्याचं तोसदान आठवलं. ते पोलादपूरच्या न्हाव्याकडं मिळालं. तो त्यात वस्तरे ठेवायचा. मग बार उडवायच्या टोप्यांची पितळी डबी. भावाचे निरोप आधी रागाचे आले, मग नुसते खुशालीचे, मग त्यात कारखान्याचं नावच नसे. मला त्याचं काही वाटेना. एखादी वस्तू जागच्या जागी बसताना जो बारीक आवाज होतो, तो ऐकण्यासाठी मी जगत होतो.

एकच गोष्ट सलायची. आमच्या घरी खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ पाटावर मांडून पुजतात. वडिलार्जित हत्यार असेल तर घरच्या कर्त्यानं त्याला गंध लावताना ज्याचं हत्यार त्याचं नाव घ्यायचं असतं. बाबा सगळ्यांना गंध लावायचे आणि बंदूक वगळायचे. "अपुरं हत्यार पुजू नये," म्हणायचे. मला ते पटायचं. पुरी झाली की आजोबांचं नाव घेतील, या आशेवर मी पुन्हा कामाला लागायचो.

ती पुरी झाली. त्या खंडेनवमीला मी ती पाटावर मधोमध ठेवली, शेजारी संगीन, गज, तोसदान, डबी. आईनं झेंडूची माळ घातली. बाबांनी गंधाची वाटी घेतली, बोट बुडवलं, आणि हात तसाच राहिला.

"अवो, लावा की," आई म्हणाली.

बाबांनी वाटी खाली ठेवली. "ह्यी माज्या बाची नाय."

मग त्यांनी सांगितलं: आजोबा वारले त्याच वर्षी, परवाना नाही, शिपाई येतील, या भीतीनं बाबांनीच खरी बंदूक सावित्री नदीच्या डोहात टाकली होती. ही कुणाची कोण जाणे. मोडीत मिळाली म्हणून दाराला अडसर करायला आणली होती.

"आन् संगीन? तोसदान?" मी विचारलं.

"मला काय ठावं काय व्हतं नि काय नव्हतं. तू निगालास का कायतरी सांगायचो." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिगं गेलं. शिमग्याला येत्यात नि पाव्हन्यावानी बसत्यात. तू बी गेला असतास तर आमी दोगांनी कुनाच्या तोंडाकडं बगायचं? पन देवाम्होरं बाचं नाव खोटं घेववलं नाय."

देवापुढं एकदा घेववलं नाही. पोरापुढं इतकी वर्षं घेववलं. मला राग आला. पाटावरची ती चकचकीत वस्तू मला शिवावीशीही वाटेना. माझी तिशी उलटली होती, आणि दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करण्यापलीकडं मला काही येत नव्हतं.

"आता जाशील?" बाबांनी विचारलं. आवाज भ्यालेला होता.

तिशीच्या माणसाला कारखान्यात शिकाऊ म्हणून कोण घेतो? शिवाय मंदी होती, आत असलेल्यांनाच बाहेर काढत होते. भावानं तसं कळवलं होतं. बाबांना ते ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

"बघू," म्हणालो.

त्यानंतर ते जिवंत होते तोवर रोज सकाळी उठल्या उठल्या माझ्या वहाणा दारात आहेत का ते बघायचे. मी बघू दिलं.