खिडकीतली वाटी

"मॅडम, तुमची वाटी खिडकीत ठेवलीय," आक्का म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. वाटी बाहेरच्या बाजूने, खिडकीच्या कट्ट्यावर. खिचडी आधीच काढलेली. मी बाहेर उभं राहून खायची, "ठीक आहे" म्हणायचं, सही करायची. मग पातेलं वॉर्डात जायचं.

बेळगावजवळच्या सरकारी दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. कुपोषित मुलांचा वॉर्ड माझ्याकडे. आहारतज्ज्ञाने चाखल्याशिवाय अन्न मुलांना द्यायचं नाही, असा नियम. आमच्या स्वयंपाकिणीला सगळे आक्का म्हणतात. तिने नियम कधी मोडला नाही. फक्त माझा हात पातेल्यापर्यंत येऊ दिला नाही. माझी जात तिने पहिल्याच आठवड्यात शोधून काढली. आधी आडनाव, मग गाव, मग गल्ली. निपाणीतल्या आमच्या गल्लीचं नाव सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही.

मी वाटी घेतली. वर्षानुवर्षं घेतली. वजनं, मुलांच्या आयांना शिकवणं, अंगणवाड्यांच्या भेटी, वर पाठवायचे अहवाल. सकाळी कामांची यादी करायची आणि एकेक खोडत जायचं, ही माझी सवय. वाटी त्या यादीत कधीच आली नाही.

आमच्या भागात पाटीवरच्या अक्षरांवरूनही भांडणं होतात. आक्का मराठी, तिच्या हाताखालची बाई कानडी. दोघींत विस्तव जात नव्हता. वाटीबाबत मात्र दोघी एक.

कणकुंबीकडून एक आजी नातवाला घेऊन आली. दीड वर्षाचं पोर. पाय सुजलेले. रडायचंही बळ नाही. अशा पोराला मीठ जपून द्यावं लागतं. हळूहळू सूज उतरायला लागली. एक दिवस त्याने माझ्या हातातला चमचा ओढला.

"लई हावरा झालाय बघा मॅडम," आजी हसली.

त्याच आठवड्यात खिचडी खारट झाली. बाकीच्या मुलांनी थुंकली. याने भुकेने खाल्ली. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा टम्म.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चाखता, की नुसती सही करता?"

मी चाखली होती. वाटीतली बरोबर होती. आक्का माझी वाटी आधीच काढून ठेवायची, मी यायच्या आत. त्या दिवशी वाटी काढल्यानंतर हाताखालच्या बाईने पातेल्यात पुन्हा मीठ टाकलं. मीठ घातलंय, हे आक्काने तिला सांगितलं नव्हतं. दोघी बोलतच नव्हत्या.

म्हणजे इतकी वर्षं मी मुलांचं अन्न चाखतच नव्हते. माझा अपमान चाखत होते. खाली सही करत होते.

दुसऱ्या दिवशी खिडकीकडे गेले नाही. आत गेले. डाव उचलला, पातेलं तळापासून ढवळलं, तळहातावर घेऊन चाखलं.

"आता हे कोण खाणार ओ?" आक्का म्हणाली.

"मुलं."

"बघूया की."

ती माझ्या आधी वॉर्डात पोचली. काय बोलली, मी ऐकलं नाही. मी गेले तेव्हा काही ताटल्या बाजूला सारलेल्या. आजी कपडे बांधत होती.

"आज्जी, सूज आहे अजून. नेऊ नका."

"तुमचं शिक्षान तुमच्यापाशी ठेवा. आमच्यात असलं चालत न्हाय."

पोर माझ्या हाताकडे बघत होतं. चमच्यासाठी. ती त्याला घेऊन बसने गेली.

"वाटीनं काय बिघडत होतं, मॅडम?" डॉक्टर म्हणाले. "पोर तरी राहिलं असतं." आवाजात राग नव्हता. हिशेब होता.

मी त्या गावच्या आशा कार्यकर्तीला घेऊन त्या घरी गेले. आजीने अंगणातच थांबवलं. पोर उंबऱ्याच्या आत, पाय तसेच. उचलू दिलं नाही. पुन्हा गेले तेव्हा दाराला कुलूप. "गोव्याकडं गेलीत, लेकाकडं," शेजारीण म्हणाली. पुढचं मला माहीत नाही. दवाखान्यात कुणी विचारतही नाही.

मी वाटी घेतली असती तर ते पोर राहिलं असतं? कदाचित. आणि पुढचं खारट पातेलं पुन्हा त्याच्याच तोंडात गेलं असतं. ओझं माझ्यावर आलं. ज्यांनी ताटली सारली, ज्यांनी सारायला लावली, त्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारणारही नाही. आक्का आहे तिथेच आहे. इथे काही बदलेल, अशी आशा मी धरलेली नाही.

आता पातेलं आधी वॉर्डात येतं. आयांसमोर झाकण काढते, डाव घालते, चाखते. कुणी ताटली सारते. मी तिच्यासमोर उभी राहते. नको म्हणायचं तर माझ्या तोंडावर म्हण, पोराच्या डोळ्यांदेखत म्हण.

खिडकीतली वाटी मी मुलांच्या वाट्यांत मिसळून टाकली. ती कुठली, हे आता आक्कालाही ओळखता येत नाही.

माझी बदली करणार, असं कानावर येतंय. करा. तिथेही पातेलं असेल. तिथेही डाव माझ्याच हातात असेल.