दीड तासाची वाट

रंगुबाई रोज उजाडायच्या आत अंथरूण गुंडाळायची, वर घोंगडी घालून दोरीनं आवळायची आणि दाराशी ठेवायची. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती. आटपाडीत पक्कं घर झालं होतं, मुक्काम कुठं हलायचा नव्हता. रात्री तीच गाठ ती सोडायची.

त्या दिवशी मात्र खरंच निघायचं होतं. धाकटी लेक माया तिरुपतीला असते. जावई तिथं सोनं गाळायच्या धंद्यात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी मायाचा प्रवास बंद केला. मग आईनंच जायचं ठरलं, तेही बाळ यायच्या आधी. थोरल्या बिराप्पानं दोघांची विमानाची तिकिटं काढली.

"किती मुक्काम?" रंगुबाईनं विचारलं.

"मुक्काम न्हाई, आये. कोल्हापुरातनं उडायचं, दीड तासात तिरुपती."

कोल्हापूर गाठायलाच चार तास गेले. रस्ता जागोजाग उकरलेला, पुढं उसाचे ट्रॅक्टर. विमानतळावर पुन्हा आधी येऊन बसायचं.

"उडायला दीड तास, अन् उडायच्या जागी यायला सकाळ गेली," ती म्हणाली. "मेंढरं बरी. जिथं हुबी असायची तिथनंच चालायची."

डिंकाच्या लाडवांची मोठी पिशवी सामानाच्या खिडकीवर देऊन झाली. तपासणीत मात्र तिच्या कमरेच्या पिशवीतून लोकर कातरायची लोखंडी कात्री निघाली. बाळाला नजर लागू नये म्हणून उशाला ठेवायची. घरातलं प्रत्येक मूल हिच्याच शेजारी पहिल्यांदा झोपलेलं.

"काकू, ही आत नेता येणार नाही," तपासणीवरची बाई समजुतीनं म्हणाली. "मोठ्या पिशवीत घालायला हवी होती."

"उशाची वस्तू वाटंत दुसऱ्याच्या हातात देत न्हाईत."

बिराप्पाचा जीव टांगणीला. "आये, दे की सोडून. तिकडं नवी घिऊ."

"तुझ्या उशाला हीच हुती."

"मग माझं काय सोनं झालं?"

"जिता हायस न्हवं."

मागं रांग वाढत होती. बिराप्पानं विनवलं, मग आवाज चढवला. रंगुबाईनं कात्री पदराखाली घेतली आणि आल्या वाटेनं बाहेर चालू लागली. तो मात्र पिशवी परत मिळवायला आत या दारातून त्या दारात फिरत राहिला.

ती बाहेर कठड्यावर बसली होती तेव्हा विमान डोक्यावरून गेलं. बघता बघता ते दिसेनासं झालं. तिनं मान खाली घातली.

पिशवी घेऊन बिराप्पा आला तो तोंड पाडूनच. "पुढचं तिकीट परवाचं हाय. लय झालं आये तुझं."

दोघं तशीच बसून राहिली. विमान तिकडं उतरलं असेल त्या सुमाराला जावयाचा फोन आला. मुलगी झाली, मायलेकी बऱ्या आहेत.

रंगुबाईनं फोन हातात घेतला. "उशाला काय ठिवलंय?"

"माझ्या आईनं अडकित्ता ठेवलाय," जावई म्हणाला.

तिनं मांडीवरच्या कात्रीकडं पाहिलं. कालच तेल लावून ती पुसली होती.

"मग आता कशाला घाई?" बिराप्पा म्हणाला. "घरी जाऊ."

रंगुबाई उठली. लाडवांची पिशवी तिनं त्याच्या खांद्याला अडकवली.

"तिरुपतीची रेल्वे कवा हाय, बघ."